संशय कोणावर?

गेल्या महिन्यात इंदूरहून एका भगिनींचे पत्र आले. अक्षर मोत्यासारखे, भाषा घरंदाज आणि तक्रार खरी. दिवाळीच्या सुटीत त्यांच्या कॉलनीतील दोन घरे फुटली. एका घरातून तर देवांची चांदीची उपकरणीही गेली. कॉलनीच्या मागील मोकळ्या जागेत काही डेरेवाले उतरले आहेत. रहिवाशांनी सह्यांचा अर्ज देऊनही ते डेरे जागच्या जागी आहेत. पोलीस खाते इतके ढिले कसे, यावर आपण या सदरात दोन खडे बोल लिहावेत, अशी त्यांची सूचना आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "ही जातच तशी."

पोलीस खात्यावर लिहावे ही सूचना आम्हांस मान्य आहे. मात्र त्या शेवटच्या तीन शब्दांपासूनच आरंभ करावा लागेल, आणि त्यासाठी आमच्याच घरातील एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. आजवर ती या पानावर आली नाही, कारण लिहिण्याचा धीर झाला नाही.

२००३ सालचा मार्गशीर्ष. ग्वाल्हेरीस लष्करात आमचे बिऱ्हाड होते. एका लग्नानिमित्त घर दोन दिवस बंद होते. परत येऊन पाहतो तो मागच्या दाराचा कोयंडा उचकटलेला आणि कपाट सताड उघडे. मातोश्रींच्या चार पाटल्या, चांदीचे ताम्हन आणि थोडी रोख रक्कम गेली होती. चौकीवरून एक हेडसाहेब आणि एक शिपाई आले. त्यांनी दाराकडे एकवार पाहिले, कपाटाकडे पाहिले, चहा घेतला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : "आसपास कहीं डेरे लगे हैं क्या?"

डेरे होते. रेल्वेच्या रुळांपलीकडे दहा-बारा पाले उभी होती. त्यांना कोणी पारधी म्हणे, कोणी कंजर. नक्की कोण, हे विचारण्याची आम्हांला कधी गरज वाटली नव्हती. त्यांतील एक बाई दर आठ-पंधरा दिवसांनी आमच्या दारी येई. सुया, काचेच्या मण्यांच्या पोती, फण्या असे काही विकी आणि जाताना मातोश्रींकडून शिळी पोळी आणि लोणच्याची फोड घेऊन जाई. आम्ही हेडसाहेबांना पालांची जागा सांगितली. मग त्यांनी तोंडी सांगितला तसा अर्ज आम्ही आमच्या हाताने हिंदीत लिहून दिला. त्यात एक वाक्य होते : "संदेह पटरी पार के डेरेवालों पर है." त्या लोकांपैकी कोणाला आम्ही घराच्या आसपास पाहिले होते का? नव्हते. दोन दिवस तर आम्हीच घरी नव्हतो. वास्तविक 'उचल्या' तेव्हाही आमच्या कपाटात होते, आणि ते वाचून आम्ही या सदरात हळहळही व्यक्त केली होती.

त्याच रात्री पालांतून तीन पुरुष उचलले गेले. दुसऱ्या दिवशी बायका मुलांना घेऊन चौकीसमोर बसल्या. तिसऱ्या दिवशी ती पोतवाली आमच्या ओट्यापाशी आली. तिने काही मागितले नाही, रडलीही नाही. मातोश्रींना एवढेच म्हणाली, "माँजी, आप थाने में इतना बोल दो कि हम कभी देहरी के भीतर नहीं आए." मातोश्रींनी आम्हांस हाक मारली. म्हणाल्या, "जाऊन एवढे सांगून ये ना. खरेच ती कधी उंबऱ्याच्या आत आलेली नाही." आम्ही उत्तर दिले, "पोलीस त्यांचे काम करीत आहेत. आपण मध्ये पडू नये."

चौथ्या दिवशी तिघांना सोडून दिले. त्यांतला एक पाय ओढत चालला होता, असे दूधवाल्याने सांगितले. पाचव्या दिवशी रुळांपलीकडे चुलींची राख तेवढी राहिली होती. पाटल्या मिळाल्या नाहीत. चोर कोण, हे आजतागायत कळले नाही. ते त्या तिघांपैकी कोणी असेल किंवा नसेल. अर्जाची प्रत मात्र आमच्याजवळ आहे. विम्याच्या कागदांत ठेवलेली ती पुढे केव्हातरी हाती लागली.

आता पोलीस खात्याकडे वळू. त्या हेडसाहेबांच्या तोंडी पहिला प्रश्न दाराविषयी न येता डेऱ्यांविषयी का आला? तो गृहस्थ दुष्ट नव्हता. मातोश्रींची त्याने आस्थेने विचारपूस केली होती, आणि बक्षिसी देऊ केली तर ती नाकारली होती. तो प्रश्न त्याचा नव्हताच. त्याच्या खात्याने त्याला तो शिकविला होता, आणि त्या खात्याला तो १३० वर्षांपूर्वी शिकविण्यात आला होता.

१८७१ साली इंग्रज सरकारने 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट', म्हणजे गुन्हेगार जमातींचा कायदा केला. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तद्वतच काही जमातींत गुन्हा हाच वंशपरंपरेचा धंदा असतो, अशी त्याच्या समर्थकांची विचारसरणी होती. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तीतील माणसांची नोंद ठाण्यात होई. नेमल्या वेळी हजेरी द्यावी लागे; परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. त्या जाहीरनाम्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ नंतर देशभर लावता येऊ लागला, आणि १९२४ साली तो पुन्हा एकत्र करून पक्का करण्यात आला. बोटांचे ठसे आले, काटेरी तारांच्या वसाहती आल्या. सोलापूरची 'सेटलमेंट' जुन्या मंडळींना आठवत असेल. तेथील स्त्रीपुरुष दिवसा गिरणीत राबत आणि हजेरीला तारांच्या आत परतत. पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट, सांसी, छारा, किती म्हणून नावे घ्यावीत? शंभराहून अधिक जमातींवर ही मोहोर उमटली. संस्थानांतूनही अशाच धर्तीचे नियम झाले, तेव्हा हे सारे परक्यांचे पाप म्हणून हात झटकण्यात अर्थ नाही.

स्वातंत्र्य आले. १९४९ साली अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने कायदा रद्द करण्याची शिफारस केली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. त्या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या जाऊ लागल्या. आजही कित्येक ठिकाणी त्या दिवशी विमुक्ती दिन पाळतात. पण याच सुमारास राज्याराज्यांतून 'सराईत गुन्हेगारां'साठी वेगळे कायदे झाले. शब्दांत पाहिले तर फरक मोठा आहे : जुना कायदा जमातीला गुन्हेगार ठरवी, नवा कायदा वारंवार गुन्हे करणाऱ्या व्यक्तीला. व्यवहारात काय झाले, ते आमचे एक वयोवृद्ध स्नेही सांगतात. ते पोलीस खात्यातून ठाणेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना आम्ही अप्पा म्हणू.

"कायदा गेला, रजिस्टर राहिले," अप्पा म्हणतात. नवा टी. आय. ठाण्यावर रुजू झाला की मुन्शी त्याच्यापुढे वह्या ठेवतो. त्यांत हद्दीतील 'निगरानी बदमाशां'ची यादी असते, हिस्ट्रीशीटे असतात. एखादे हिस्ट्रीशीट बापाच्या नावाचे असते, आणि त्यात मुलांची, भावांची, साडूंची नावे लिहिलेली असतात, म्हणजे मुलगा मिसरूड फुटण्याआधीच वहीत दाखल झालेला असतो. चोरी झाली की शिपाई वहीतील घरे 'चेक' करतो. चेक केल्याची नोंद पुन्हा त्याच वहीत होते. नोंदी वाढल्या की माणूस अधिक संशयास्पद दिसू लागतो, आणि म्हणून पुढच्या खेपेस आधी त्याच्याकडेच जावे लागते. आम्ही विचारले, "अप्पा, तुमच्या मनात या लोकांविषयी काय होते?" ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "विचार करायला वेळच कुठे होता? दर महिन्याच्या बैठकीत साहेब विचारणार, किती चोऱ्या उघडकीस आल्या, बरामदगी किती झाली. बंगल्यात राहणाऱ्याला संशयावरून आणून बसविले तर तासाभरात फोन येतो. पालातल्या माणसासाठी कोणाचाही फोन येत नाही."

हेच खरे गाऱ्हाणे आहे, आणि ते आपल्याच देशापुरते नाही. लंडनमध्ये १९९३ च्या एप्रिलात स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा बसथांब्यापाशी गोऱ्या तरुणांनी खून केला. पोलिसांनी तपास इतका गबाळेपणाने केला की त्याच्या आईबापांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. न्यायमूर्ती मॅक्फर्सन यांच्या चौकशी अहवालाने १९९९ साली लंडनच्या पोलीस दलाला 'संस्थागत वंशद्वेषा'चा दोष दिला. संस्थागत याचा अर्थ प्रत्येक शिपाई मनाने द्वेष्टा असतो असा नाही. कामाची रीत, गृहीतके, वह्या, सवयी यांतच अन्याय इतका मुरलेला असतो की सज्जन माणसाच्या हातूनही तो घडतो. अहवालात ७० शिफारशी होत्या. बऱ्याच अमलातही आल्या. आणि तरीही २०२३ साली लुईस केसी यांच्या अहवालास त्याच दलाविषयी पुन्हा तेच म्हणावे लागले. वर स्त्रीद्वेषाची आणि समलिंगी व्यक्तींच्या द्वेषाची भर घालावी लागली. दलप्रमुखांनी दोष कबूल केले, पण 'संस्थागत' हा शब्द वापरण्यास ते तयार झाले नाहीत. जेथे पैसा आहे, साधने आहेत, जागरूक वृत्तपत्रे आहेत, तेथील ही कथा.

आपल्याकडील कथा आपल्या उंबऱ्याशी किती जवळ आहे ते पाहा. १९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर हा विमुक्त जमातीतील तरुण कोठडीत मरण पावला. आत्महत्या, असे पोलिसांनी सांगितले. महाश्वेतादेवींनी ते मानले नाही. प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाचा तपास आणि विधवेस भरपाई यांचे आदेश दिले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाश्वेतादेवी व्याख्यानासाठी आपल्या बडोद्यास आल्या होत्या. तेथे प्रा. गणेश देवी यांच्यासह त्यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी कृतिगट उभा केला. हे दोघे अहमदाबादच्या छारानगरात गेले. तेथील तरुणांनी बुधनच्या मृत्यूवर नाटक बसविले, त्यातून 'बुधन थिएटर' जन्मास आले. ज्या वस्तीकडे शहर चोरांची आणि दारू गाळणाऱ्यांची म्हणून बोट दाखवी, तेथील मुले पोलिसांसमोर पोलिसांचेच नाटक करू लागली. आज त्या वस्तीतील कित्येक जण वकिली करतात.

एवढे झाल्यावर काळ बदलला असेल, असे वाटते. आमच्या ग्वाल्हेरीपासून फार लांब नसलेल्या गुना जिल्ह्यात जुलै २०२४ मध्ये एका पारधी तरुणाला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी नेले. त्याची वरात निघायची होती. तो कोठडीतच मरण पावला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला आणि जबाबदार अंमलदारांना महिन्याच्या आत अटक करण्यास सांगितले. तरी अटक का झाली नाही, हे त्याच न्यायालयाला सप्टेंबरात पुन्हा विचारावे लागले. नवऱ्या मुलाचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. त्याच्या घरच्यांना ते पुरेसे ऐकून झाले असेल.

मग सुधारणा झाल्याच नाहीत का? कागदावर पुष्कळ झाल्या. आपल्या पोलीस व्यवस्थेचा पाया १८६१ च्या कायद्याचा, म्हणजे १८५७ नंतर धास्तावलेल्या सरकारने रयतेवर वचक बसविण्यासाठी घातलेला. तो बदलावा म्हणून १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. १९८१ पर्यंत त्याने आठ अहवाल दिले, आणि ते फडताळात गेले. प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, न्यायालयाने सात निर्देश दिले : राज्य सुरक्षा आयोग असावा, वरिष्ठांना आणि ठाणेदारांना दोन वर्षांची निश्चित मुदत मिळावी, तपासाचे काम बंदोबस्तापासून वेगळे करावे, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे, इत्यादी. अंमलबजावणी पाहण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती थॉमस यांच्या समितीने २०१० साली राज्यांच्या संपूर्ण उदासीनतेबद्दल खेद व्यक्त केला. कोणत्याही पक्षाचे सरकार असो, बदलीचे हत्यार हातचे कोण सोडील?

आमचे मत विचाराल तर ते निर्देश आवश्यक होते, पण त्यांची दृष्टी मुख्यतः पोलीस आणि मंत्री यांच्या नात्यावर होती. पोलीस आणि पाल यांचे नाते त्यांत फारसे आले नाही. मंत्र्याच्या दडपणातून मुक्त झालेला ठाणेदारही तीच वही उघडणार. २०१९ साली 'कॉमन कॉज' आणि लोकनीती यांनी सुमारे बारा हजार पोलिसांची पाहणी केली. मुसलमान स्वभावतःच गुन्ह्यांकडे झुकतात, असे त्यांतील जवळजवळ निम्म्यांना कमीअधिक प्रमाणात वाटत होते. त्याच पाहणीत पोलीस सरासरी चौदा तास काम करतात आणि निम्म्यांना साप्ताहिक सुटीही मिळत नाही, असे आढळले. या दोन गोष्टी आम्हांला वेगळ्या वाटत नाहीत. चौदा तास उभ्या राहिलेल्या माणसाला आयते उत्तर हवे असते, आणि आयते उत्तर म्हणजेच पूर्वग्रह. प्रशिक्षण शाळेत दोन व्याख्याने देऊन तो जात नाही, ठाण्यावर पहिल्याच आठवड्यात जुना हवालदार नव्या शिपायाला सांगतो, "ते सगळे परीक्षेपुरते. आता काम शीक."

म्हणून २०२४ सालचे दोन निकाल आम्हांस त्या सात निर्देशांहून अधिक जवळचे वाटतात. दिल्लीतील एका आमदाराच्या हिस्ट्रीशीटचे प्रकरण मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायालयाने विमुक्त व इतर दुर्बल समाजांतील निरपराध माणसांची नावे या वह्यांत केवळ जातीमुळे यंत्रवत चढविली जातात, याची स्वतःहून दखल घेतली. दिल्ली पोलिसांनी आपला नियम बदलला, मुलांचे तपशील उघड होणार नाहीत अशी काळजी घेतली. इतर राज्यांनीही तसेच करण्याचा विचार करावा, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना, तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातीवर आधारलेली कामवाटणी रद्द झाली. 'सराईत गुन्हेगार' याचा अर्थ कायद्यातील व्याख्येप्रमाणेच घ्यावा, तो विमुक्त जमातींवर सरसकट चिकटवू नये, आणि त्यांना मनमानीने अटक होऊ नये याची पोलिसांनी दक्षता घ्यावी, असेही न्यायालयाने बजावले. म्हणजे रोग मंत्रालयाइतकाच मुन्शीच्या टेबलावर आहे, हे कोणीतरी ओळखले. आता तो निकाल मुन्शीच्या टेबलापर्यंत कधी पोहोचतो ते पाहायचे. दिल्लीचा कागद तालुक्याच्या ठाण्यात पोहोचायला किती दिवस लागतात असे आम्ही अप्पांना विचारले, तेव्हा ते नुसते हसले.

पण वहीतील पहिली ओळ पुष्कळदा मुन्शी लिहीत नाही. ती तक्रारदार लिहितो. आम्ही लिहिली होती.

तेव्हा इंदूरच्या भगिनींस आमचे उत्तर असे. आपली तक्रार जरूर नोंदवा, आणि तपास नीट व्हावा म्हणून पाठपुरावा करा. घर केव्हा बंद केले, कुलूप कोणत्या घडणीचे होते, ते कसे तुटले, काय गेले, दागिन्यांची छायाचित्रे वा पावत्या, रखवालदार त्या रात्री कोठे होता, हे सारे लिहून द्या. दारावरचे ठसे का घेतले नाहीत, हे टी. आय. साहेबांना चार माणसे जाऊन विचारा. तो आपला हक्क आहे, आणि या प्रश्नाला पोलीस सहसा तयार नसतात. प्रथम खबरीची प्रत मागून घ्या, ती विनामूल्य मिळते. संशय कोणावर, असे विचारतील. कोणाला पाहिले असेल तर त्याचे वर्णन द्या. पाहिले नसेल तर "कोणावर नाही" असे लिहा, आणि हेडसाहेब दुसरे काही सांगू लागले तरी लेखणी थांबवा. सह्यांच्या त्या अर्जात डेऱ्यांविषयी काय लिहिले आहे, तेही एकदा काढून वाचा.

मातोश्री २०११ साली गेल्या. पाटल्यांचा उल्लेख त्यांनी पुढे कधी केला नाही. मात्र दुपारी दारावरून कोणी सुया-पोतींची हाळी देत गेली की त्या उठून ओट्यावर येत आणि तोंड पाहून परत आत जात.

इंदूरच्या भगिनींचे उत्तर आले तर पुढील अंकी देऊ.